डावं कोपर

बॅलन्स बीमच्या अरुंद लाकडी पट्टीवर हातांवर उलटं उभं राहून हँडस्टँड करणाऱ्या लहान मुलींचे गुण कसे कापतात, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. पाय उभ्या रेषेपर्यंत पोचले नाहीत, कापा. वर गेल्यावर दोन्ही पाय जुळले नाहीत, कापा. गुडघा वाकला, कोपर वाकलं, कंबर कमानीसारखी झाली, खाली येताना तोल गेला, कापा. छोटी चूक असेल तर एक दशांश, मधली असेल तर तीन, मोठी असेल तर पाच. मुलगी बीमवरून खाली पडली तर अर्धा गुण सरळ गेला, आणि दहा सेकंदांत ती परत चढली नाही तर पुढचं सगळंच गेलं. मी भिवंडीत कापड तपासणारा माणूस. ह्या खेळाशी माझा काडीचा संबंध नव्हता. तो आला माझ्या मुलीमुळे, आणि माझ्या मुलीचं डावं मनगट आज पूर्ण वळत नाही ते माझ्यामुळे. डॉक्टर असं म्हणाले नाहीत. घरातही कुणी म्हणत नाही. मी म्हणतो.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो, कारण खोट तिथूनच सुरू होते. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेला कोऱ्या कापडाचा तागा माझ्याकडे येतो. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि वरून कापड सरकत जातं. कुठे तार तुटलेली, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. दोष दिसला की त्याच्या समोर काठाला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा आणि पुढे जायचं. चांगल्या कापडाला काही बांधत नाहीत. चांगला तागा नुसता घडी होऊन जातो, त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि हीच त्याची शाबासकी. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्याला दुसरं काही दिसेनासं होतं. लग्नाला गेलो तरी मला नवरीचं तोंड दिसायच्या आधी तिच्या शालूतली सुटलेली तार दिसायची. बायको म्हणायची, "तुमाला देवानं डोळे न्हाय, चाळण्या दिल्यात." मला ते कौतुक वाटायचं.

आमच्याकडे उत्तर प्रदेशातला, लूम चालवणारा एक म्हातारा कारीगर होता. एकदा त्याच्या ताग्याला मी ओळीने लाल दोरे बांधले. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाईसाब, ज़रा ग़ौर से देखिए. हर एक हाथ पे वही दाग, उसी जगह. ये मेरा हाथ नहीं, लूम बीमार है." मी मोजून पाहिलं, तर खरंच, हातभर अंतरावर तोच डाग, त्याच काठाशी. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरने तो उघडला तेव्हा आतला एक भाग झिजून तेल गळत होतं. त्या दिवशी म्हाताऱ्याने मला धडा दिला, आणि मी तो नंतर प्रत्येक नव्या तपासणाऱ्याला ऐटीत सांगत आलो: एकच दोष पुन्हापुन्हा त्याच जागी आला, तर कारीगराला बोलू नका, लूम थांबवा. सांगायला माझं काय जात होतं!

मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या शाळेच्या हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्सचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या मॅडम ठाण्याहून यायच्या. बीम त्यांनी इथल्याच सुताराकडून करून घेतलेली, वितीपेक्षाही कमी रुंद, वर जाडसर रेक्झिन ठोकलेलं. पहिल्या दिवशी माझी पोरगी त्या बीमवर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात असे पसरले की मॅडमनी तिथल्या तिथे मला सांगितलं, "हिला सोडू नका." बायकोला आधी ते पटलं नाही. "उलटं व्हायचं शिकायला फी भरायची?" असं ती म्हणाली. पण पोरीचे खेळायचे कपडे तिनेच शिवले, आणि शेजारणींना ते दाखवूनही झाले. मुलीला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या खोलीत फरशीच्या रेषेवरून ती पाऊल जुळवून चालायची. जिल्ह्याच्या लहान गटात निवड व्हावी एवढंच तिचं मागणं होतं. गणपतीपुढे हात जोडून ती मोठ्याने तेच मागायची.

मॅडमना स्पर्धेला पंच कमी पडायचे. नवशिक्या मुलींच्या स्पर्धेसाठी पालकांपैकी कुणी शिकून घेईल का, असं त्यांनी विचारलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि मी हात वर केला. ठाण्याला रविवारी एक शिबिर झालं. पडद्यावर एकेका मुलीचं हँडस्टँड दाखवायचे आणि आम्ही किती गुण कापले ते विचारायचे. बाकीचे लोक दोनदा तीनदा बघायला मागत होते. मला एकदा पुरत होतं. शिकवणाऱ्याने विचारलं, "तुम्ही स्वतः खेळायचात का?" मी म्हटलं, "न्हाय, मी कापड बघतो." सगळे हसले, आणि मग त्यांनी माझं पान सगळ्यांना दाखवलं. मी असा हरभऱ्याच्या झाडावर चढलो की आजतागायत कुणी उतरवायला आलं नाही.

त्याच आठवड्यात मी एक शंभर पानी वही आणली. एका दिवसाला एक पान. वर तारीख, खाली आडव्या ओळीत पाच हँडस्टँड आणि उभी घरं पाडलेली: रेषा, पाय, गुडघा, उजवं कोपर, डावं कोपर, तोल. ड्युटी सुटली की मी शाळेच्या हॉलमध्ये जायचो, शेवटच्या बाकावर बसायचो आणि मुलीचे बीमवरचे शेवटचे पाच हँडस्टँड बघून आकडे भरायचो. दोष नसेल तर घर रिकामं. वही मी तिच्या हातात कधी दिली नाही. घरी चालत येताना मी तिला वाचून दाखवायचो, "दुसऱ्याला पाय जुळले नाहीत, तीन. चौथ्याला रेषा, एक." ती माझ्या शेजारी दप्तर पाठीला लावून चालायची आणि दरवेळी "हो पप्पा" म्हणायची. रिक्षा, ट्रक, दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागे. रस्त्यावरच्या माणसांना वाटत असेल, बाप पोरीला ओरडतोय. तसं पाहिलं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

सुरुवातीला ती झपाट्याने सुधारली, हे मी नाकारत नाही. रेषेच्या घरातले आकडे कमी झाले, पाय जुळू लागले. मॅडमनी तिचं नाव जिल्ह्याच्या निवडीच्या स्पर्धेसाठी दिलं. मग दिवाळीनंतर वहीत एक नवा आकडा यायला लागला. डावं कोपर, एक. पुढे रोजच. डावं कोपर, एक, एक, तीन. उजवं कोपर सरळ, डावं वाकलेलं. मी घरी येताना सांगायचो, "बाय, डावा हात ढिला सोडतेस. जोर लाव." "हो पप्पा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला राग यायचा. इतकी चांगली पोर आणि एवढीशी गोष्ट हिच्या डोक्यात शिरत नाही, असं मला वाटायचं.

बायकोने मला सांगितलं होतं. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "पोरगी डाव्या हातानं तांब्या उचलीत न्हाय. बघितलंत का?" मी म्हटलं, "आळस आहे. बीमवर पण तेच करते." तिने तव्यावरची भाकरी उलटली. मुलीला विचारलं तर तिने मान हलवली, काही होत नाही म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं ते आज मला कळतं. दुखतंय म्हटलं असतं तर बापाने निवडीच्या आधी खेळ थांबवला असता, किंवा दुखण्याचंही एक घर वहीत पाडलं असतं. दोन्हीची तिला भीती होती.

जानेवारीत आम्ही वज्रेश्वरीला गेलो. बायकोचं माहेर त्या बाजूला, वर्षातून एकदा दर्शनाला जायचं ठरलेलं. दर्शन झालं की सगळे गरम पाण्याच्या कुंडापाशी जातात. सगळी माणसं पाय सोडून बसली होती. माझी मुलगी तेवढी पायरीवर पालथी पडून डावा हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात बुडवून होती. आम्ही खाऊन आलो, प्रसाद घेऊन आलो, तरी ती तिथेच. मी तिला हाक मारली, "अगं, पाण्याशी काय खेळतेस, एस.टी. जाईल." तिने हात काढला. तो लालबुंद झाला होता. मी तिला रुमाल दिला आणि आम्ही स्टँडकडे निघालो. शालूतली तार दिसणारा माणूस मी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी शाळेत अर्थासकट पाठ केली होती.

निवडीची स्पर्धा ठाण्यात होती. मी बीमच्या टेबलावर दोन पंचांपैकी एक होतो. स्वतःच्या मुलीला गुण द्यायचे नसतात, म्हणून तिचा नंबर आला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या जागी दुसऱ्या बाई बसल्या. मी त्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसलो. पेन्सिल नव्हती तरी बोट मांडीवर आकडे काढतच होतं. चाल चांगली झाली, उडी चांगली झाली. मग ती हँडस्टँडला आली. एक पाय पुढे, हात वर, हात खाली, पाय वर गेले, जुळले. रेषा अगदी सरळ होती. आणि तिचा डावा हात एकदम वाकला, दोरा तुटावा तसा, आणि ती मॅटवर पडली.

ती उठली नाही. डावा हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय करत होतो? मी मनात सेकंद मोजत होतो. तीन. चार. पाच. अर्धा गुण गेला आहे, पण दहाच्या आत चढली तर बाकीचे वाचतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तिला मानेने खूण केली, चढ. आठला ती उठली. बीमवर चढली. आणि तिने ते हँडस्टँड पुन्हा केलं, त्याच हातावर. ओठ दाबलेले, चेहरा पांढराफटक. पाय जुळवले, खाली आली, पुढचं सगळं केलं, शेवटी दोन्ही हात वर करून पंचांना नमस्कारही केला. मला अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं. त्या क्षणी मला नुसता अभिमान वाटला.

तासाभरात मनगट सुजून टम्म झालं. निवड झाली नव्हती, ते तिने यादीत स्वतःच वाचलं. संध्याकाळी आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. खाली दिवा, वर काच, त्यावर माझ्या मुलीचा हात. माझ्या टेबलासारखंच सगळं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: मनगटाजवळ जिथून लहान मुलांचं हाड वाढतं, ती जागा चिरडल्यासारखी झाली होती. आजच्या पडण्याने नाही, म्हणाले. बरेच दिवस तिथे मार बसतोय. मग त्यांनी विचारलं, "दुखणं नक्की कधीपासून?" मुलगी म्हणाली, "माहीत नाही." बायकोने माझ्याकडे पाहिलं.

मला माहीत होतं. माझ्या पिशवीत वही होती. मी ती काढली आणि पानं मागे उलटत गेलो. डावं कोपर, पाच. डावं कोपर, तीन. तीन. एक. एक. आणि मग दिवाळीनंतरची ती तारीख, जिच्या आधी ते घर रिकामं होतं. तारीख, वार, कितव्या हँडस्टँडला, सगळं माझ्या अक्षरात. मनगट दुखायचं म्हणून कोपर वाकायचं. हातभर अंतरावर तोच डाग, त्याच काठाशी, रोज. मी रोज दोरा बांधला आणि लूम चालू ठेवला. डॉक्टरांनी वही दोन्ही हातांत घेऊन पाहिली. म्हणाले, "इतकं बारीक कुणी लिहून आणत नाही. खूप उपयोग होईल." त्यांच्या मनात काही नव्हतं, ते खरंच खूश झाले होते. मला तिथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. मग त्यांनी आणखी एक विचारलं, "रोज किती हँडस्टँड करायची?" मी म्हटलं, "वर्गात दहा, फार तर पंधरा." ते मान हलवत म्हणाले, "तेवढ्याने इतकं होत नाही." मुलगी जमिनीकडे बघत राहिली. मी ते मनावर घेतलं नाही. माझं मन तोवर वहीतच अडकलं होतं.

प्लास्टर झालं, नंतर पट्टा झाला, व्यायाम झाले. हाडाची ती जागा वाढायची थांबली, शेजारचं दुसरं हाड वाढत राहिलं, आणि मनगट जरा वाकडं बसलं. हातावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे बीम संपली. मी पंचाचं काम सोडलं. मॅडम दोनदा घरी येऊन गेल्या. मुलगी रडली असेल तर माझ्यासमोर नाही. पुढे ती मोठी झाली, अभ्यासाला लागली, हसायची, बोलायची. पण एक गोष्ट मी बघत आलो. नवा ड्रेस घातला की ती आईला विचारते, "कसा दिसतो?" शेजारणीला विचारते, मैत्रिणीला मोबाइलवर फोटो पाठवून विचारते. मी समोर बसलेला असतो. मला विचारत नाही. मला फार वाईट वाटतं, आणि तिला तसं सांगायला तोंड नाही.

आता ती सतरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात स्कूटीचा डावा ब्रेक दाबताना मनगटात कळ येते म्हणाली, म्हणून आम्ही नव्या डॉक्टरांकडे गेलो. जुने एक्स-रे बरोबर घेतले. ते सगळे एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत तसेच ठेवलेले होते. आमचा नंबर यायला वेळ होता. बाकड्यावर बसल्या बसल्या तिने पिशवीत हात घातला आणि वही काढली. डॉक्टरांना दाखवल्यापासून ती एक्स-रेंबरोबरच राहिली होती, हे मी विसरून गेलो होतो. मी ती घ्यायला हात पुढे केला, पण तिने उघडलीही होती.

ती पानं उलटत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. एका पानाशी ती थांबली.

"पप्पा, ह्या दिवशी तुम्ही आला नव्हतात का?"

मी वाकून पाहिलं. वर तारीख, दिवाळीच्या जरा आधीची. खाली पाडलेली सगळी घरं रिकामी.

"आलो होतो."

"मग काही लिहिलं का नाही?"

"लिहिण्यासारखं काही नव्हतं, बाय. त्या दिवशी तुझे पाचही बरोबर झाले होते. एक दशांशसुद्धा कापता आला नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला तो दिवस आठवला. पाचवं हँडस्टँड झाल्यावर ती बीमवरून उडी मारून धावत माझ्या बाकापाशी आली होती, धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले. मी वही मिटली होती आणि म्हटलं होतं, "चल, उशीर झाला." वाटेत वाचायला काही नव्हतं, म्हणून मी घरापर्यंत गप्प होतो. माझ्या मते मी त्या दिवशी तिला सगळ्यात मोठी शाबासकी दिली होती.

"तो दिवस मला आठवतो," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मला वाटलं होतं, पाचही झाले. पण तुम्ही वाटेत काहीच बोलला नाहीत. मग मला वाटलं, इतकं वाईट झालंय की सांगायलासुद्धा नको. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे गच्चीत जाऊन एकटी करायचे. सिमेंटवर. पन्नास-पन्नास."

सात-आठ वर्षं मी स्वतःला डाव्या कोपराच्या आकड्यांसाठी बोल लावत आलो होतो. त्या आकड्यांनी तिचा हात मोडला नव्हता. हात मोडला होता त्या कोऱ्या पानाने.

आतून आमचा नंबर पुकारला. तिने वही मिटून एक्स-रेंच्या मधे नीट सरकवली.

"तेव्हा एवढंच सांगायचं ना, पप्पा," ती म्हणाली आणि पिशवी उजव्या हातात घेऊन उठली.